राष्ट्रपतींनी सरकारला कधी "नाही" म्हटलंय का? (रबर स्टँपवाला वाद)

पाचवा_डबा

मंडळी, ऑफिसात जेवताना आमचा रोज एक वाद ठरलेला असतो, काल गाडी राष्ट्रपतींवर गेली. एकाचं म्हणणं की हे पद म्हणजे नुसता रबर स्टँप, मंत्रिमंडळाने कागद पाठवला की खाली सही ठोकायची, मग ३४० खोल्यांचं भवन आणि ते घोडेस्वार कशाला पोसायचे. दुसरा म्हणतो असं कसं, तिन्ही दलांचे सरसेनापती तेच, सगळा कारभार त्यांच्या नावाने चालतो. मी मधेच विचारलं की बरं मग एखाद्या राष्ट्रपतीने सरकारला खरोखर नाही म्हटलंय असं एक तरी उदाहरण सांगा, तर दोघंही भाजी चिवडत बसले.

तर इथल्या जाणकारांना विचारतो. कलमांचे नंबर नकोत, ते गूगलवर मिळतात. प्रत्यक्षात काय झालंय ते सांगा. आणि दुसरं म्हणजे आपण सरपंच थेट निवडतो, नगराध्यक्ष थेट निवडतो, मग राष्ट्रपतीच का नाही? मला तर आजवर त्यांच्यासाठी कुणी मत मागितलेलं आठवत नाही.

कलमकसाई

कलमांचे नंबर नकोत म्हणालात म्हणजे माझं हत्यारच काढून घेतलंत, तरी प्रयत्न करतो 😄

पहिलं म्हणजे तुमचा तो पहिला मित्र फार चुकीचं बोलत नाहीये. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत मसुदा मांडला तेव्हा स्वच्छ सांगितलं होतं की राष्ट्रपती हा राज्याचा प्रमुख, पण कारभाराचा प्रमुख नाही, तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो पण राज्य करत नाही, शासनात त्याची जागा राष्ट्राचे निर्णय ज्यावरून कळतात त्या मोहोरेवरच्या चिन्हासारखी. म्हणजे शिक्क्याची उपमा खुद्द बाबासाहेबांचीच आहे, आणि ती त्यांनी टोमणा म्हणून दिली नव्हती, पद तसंच हवं होतं.

पण राजेंद्रबाबूंना ते पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून त्यांनी नेहरूंना कळवलं की यावर मी माझ्या बुद्धीने निर्णय घेईन. मग ॲटर्नी जनरल सेटलवाडांचं मत मागवलं गेलं आणि ते आलं की राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावं लागेल. तरी हा किडा पुढे बरीच वर्षं वळवळत राहिला. १९७४ ला शमशेर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी तेच ठरवलं, आणि १९७६ ला ४२ व्या दुरुस्तीने घटनेतच लिहून टाकलं की सल्ला बंधनकारक. जनता सरकारने १९७८ ला ४४ वी दुरुस्ती करून एक छोटी खिडकी उघडली, राष्ट्रपती सल्ला एकदा परत पाठवून "फेरविचार करा" म्हणू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र सही करावीच लागते.

आता तुमचं उदाहरण. के. आर. नारायणन, ऑक्टोबर १९९७. उत्तर प्रदेश विधानसभेत कल्याणसिंगांनी बहुमत सिद्ध केलं, तेही कसं, तर सभागृहात माईक उपटून एकमेकांना मारत होते आमदार. त्यावर राज्यपाल रोमेश भंडारींनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली आणि गुजराल मंत्रिमंडळाने ती उचलून वर पाठवली. नारायणन यांनी फाईल परत पाठवली. मंत्रिमंडळाने गुपचूप विषय सोडून दिला, कल्याणसिंग राहिले. पुढच्याच वर्षी वाजपेयी सरकारने बिहारसाठी तशीच शिफारस पाठवली, तीही परत. म्हणजे एक फाईल या बाजूच्या सरकारची, एक त्या बाजूच्या. बिहारची फाईल फेब्रुवारी १९९९ मध्ये पुन्हा आली तेव्हा सही केली, नियमच तसा आहे, पण मधल्या काळात सगळ्या देशाला कळलं होतं की दिल्लीला राबडीदेवींचं सरकार घालवायचंय. राज्यसभेत मंजुरी मिळण्यातली नव्हती म्हणून महिनाभरात ती राजवट मागे घ्यावी लागली.

अण्णा_निवृत्त

कलमकसाई, चांगलं लिहिलंत. पण जिथे नाही म्हणायला हवं होतं तिथे काय झालं तेही सांगा ना या मुलाला. २५ जून १९७५. तेव्हा मी नोकरीला नुकताच लागलो होतो. फखरुद्दीन अली अहमद यांच्यापुढे आणीबाणीचा कागद रात्री गेला आणि त्यांनी रात्रीच सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला! म्हणजे ज्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपतींनी वागायचं त्या मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना कळलं ते राष्ट्रपतींची सही वाळल्यावर. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की बाईसाहेब, सकाळी बैठक घ्या, ठराव पाठवा, करतो सही. आणीबाणी टळली असती असं मी म्हणत नाही, पण निदान आठ-दहा मंत्र्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघून हात वर करावा लागला असता. डिसेंबरात अबू अब्राहमचं व्यंगचित्र आलं होतं, राष्ट्रपती बाथटबमध्ये बसूनच वटहुकमावर सही करून कागद दाराबाहेर देतायत असं. सेन्सॉरच्या काळात ते छापलं कसं गेलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

म्हणून ४४ व्या दुरुस्तीत नंतर घातलं की आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, नुसतं पंतप्रधानांचं पत्र चालणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा

अण्णा रात्रीच्या सहीचं बोलले म्हणून आठवलं. आपल्या महाराष्ट्राची रात्र विसरलात का भाऊ लोक?? २३ नोव्हेंबर २०१९. आदल्या दिवशी संध्याकाळी तीन पक्षांचं उद्धव ठाकरेंच्या नावावर ठरलं, लोक झोपले. राज्यात १२ तारखेपासून राष्ट्रपती राजवट. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली आणि आठच्या सुमारास राजभवनावर फडणवीस आणि अजितदादांचा शपथविधी. मी चहा ठेवला होता गॅसवर, टीव्ही लावला तर काय चाललंय तेच समजेना, वाटलं जुनं फुटेज दाखवतायत.

तर राजवट उठवायची म्हणजे राष्ट्रपतींची सही लागते ना. मंत्रिमंडळाची बैठक झालीच नव्हती. पंतप्रधानांनी कामकाज नियमावलीतला नियम १२ वापरला, त्यात घाईच्या प्रसंगी पंतप्रधान स्वतःच्या अधिकारात नियमाला फाटा देऊ शकतात, मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून. मग ४४ व्या दुरुस्तीने लेखी निर्णय सक्तीचा केला म्हणता तर इथे कसं चाललं? का कोणी सांगते काय?

कलमकसाई

@वऱ्हाडी_ठेचा लाख मोलाचा प्रश्न विचारलात. ती लेखी निर्णयाची अट फक्त राष्ट्रीय आणीबाणीला आहे, ३५२ ला. (सॉरी पाचवा_डबा, इथे नंबराशिवाय जमत नाही.) राज्यातली राष्ट्रपती राजवट ३५६ मध्ये येते आणि तिथे अशी अट घातलेलीच नाही. ४४ वी दुरुस्ती करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर १९७५ ची रात्र होती, त्यांनी तेवढंच भगदाड बुजवलं. म्हणून २०१९ ला जे झालं ते नियमात बसवता आलं. रामनाथ कोविंद यांना नियम १२ खाली आलेला कागद हा सरकारचाच सल्ला, तो नाकारायला ठोस आधार नव्हता असं समर्थन करणारे करतात.

माझं मत वेगळं आहे. राष्ट्रपतींकडे खरी ताकद एकच, वेळ. हुकूम नाही, व्हेटो जवळपास नाही, पण "थांबा, मला हे नीट समजावून सांगा" म्हणायचा हक्क आहे आणि सरकारने माहिती देणं हे पंतप्रधानांचं घटनात्मक कर्तव्य आहे. पहाटे आलेल्या कागदावर सकाळी दहाला सही केली असती तर घटना कोसळली नसती. राजवट उठवण्यात एवढी घाई कसली होती? सुप्रीम कोर्टाने २६ तारखेला दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करा म्हटलं आणि त्याच दिवशी राजीनामा आला, म्हणजे घाई कशासाठी होती ते तीन दिवसात दिसलंच.

आणि हे एकाच पक्षाचं नाही बरं का. मे २००५, बिहार विधानसभा बरखास्त करायची होती, मनमोहन सिंग मंत्रिमंडळ रात्री उशिरा बसलं, डॉ. कलाम तेव्हा मॉस्कोत होते, कागद तिकडे गेला आणि सही होऊन आला. इतका लोकप्रिय आणि स्वच्छ माणूस, पण त्या रात्री तोही थांबला नाही. नंतर सुप्रीम कोर्टाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. त्याच कलामांनी पुढच्या वर्षी लाभाच्या पदांचं बिल संसदेकडे परत पाठवलं, संसदेने जसंच्या तसं पुन्हा पास केलं, मग सही केली.

पाचवा_डबा

बाप रे. हे सगळं पुस्तकात एका ओळीत संपवतात. पण कलमकसाई, तुम्ही म्हणता व्हेटो जवळपास नाही, म्हणजे थोडा तरी आहे का?

कलमकसाई

आहे, आणि तोही वेळेचाच खेळ. संसदेने पास केलेल्या बिलावर सही करा किंवा फेरविचाराला पाठवा असं घटना म्हणते, पण किती दिवसात ते लिहिलेलंच नाही. ग्यानी झैलसिंग यांनी १९८६ मध्ये पोस्ट ऑफिस दुरुस्ती बिलावर सहीही केली नाही आणि परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. त्या बिलाने सरकारला लोकांची पत्रं उघडून बघायचे अधिकार मिळणार होते. राजीव गांधींशी त्यांचं बिनसलेलं होतंच, पण कारण काहीही असो, ते बिल कायदा झालंच नाही. आणि गंमत बघा, निवडून आले तेव्हा याच झैलसिंगांवर "इंदिराजींचा माणूस" म्हणून सगळ्यात जास्त टीका झाली होती.

पुणेरी_पाटी_२

सगळे राष्ट्रपती सत्ताधारी पक्षच ठरवतो, त्यामुळे ही सगळी चर्चा व्यर्थ आहे. कृपया वेळ वाया घालवू नये.

वऱ्हाडी_ठेचा

@पुणेरी_पाटी_२ दुपारी १ ते ४ मध्ये टाकली का ही कमेंट 😂

लिफीकाठची

मी डब्लिनला असते, थेट निवडणुकीबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. इथे राष्ट्रपती थेट लोक निवडतात, सात वर्षांसाठी, आणि तरीही पद आपल्याइतकंच शोभेचं! २०११ पासून मायकेल हिगिन्स होते, कवी माणूस, आता ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅथरीन कॉनली निवडून आल्या. निवडणुकीच्या दिवसात विजेच्या खांबाखांबावर पोस्टर लटकवतात, शेजारचे आजोबा कुत्रा फिरवताना थांबून मला समजावत होते कुणाला का मत द्यायचं, मी म्हटलं आजोबा मला मतच नाही. नागरिकत्व नसलं तरी इथे लोकल कौन्सिलला मत देता येतं, राष्ट्रपतीला मात्र फक्त नागरिक. मतदानाची पद्धत मात्र आपले आमदार-खासदार राष्ट्रपती निवडताना वापरतात तीच, नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकायचे.

पण सांगायचं ते वेगळंच. इथल्या राष्ट्रपतींना एक अधिकार आहे जो मला फार आवडतो, बिल घटनेत बसतं का अशी शंका आली तर सही करण्याआधी ते थेट सुप्रीम कोर्टात पाठवता येतं, सरकारला न विचारता. १९७६ मध्ये इथेही आणीबाणीचे अधिकार देणारं बिल आलं होतं. राष्ट्रपती होते केअरबॉल ओ डाली, स्वतः आधी सरन्यायाधीश राहिलेले. त्यांनी बिल कोर्टात पाठवलं. कोर्टाने ठीक आहे म्हटल्यावर सहीसुद्धा केली. पण संरक्षणमंत्र्याने मुलिंगारच्या लष्करी बराकीत सैनिकांसमोर त्यांच्याबद्दल अपमानास्पद भाषा वापरली. सरकारने मंत्र्याला काढलं नाही, तेव्हा पदाची प्रतिष्ठा राखायची म्हणून राष्ट्रपतींनी स्वतः राजीनामा दिला. आपल्याकडे आणीबाणी लागून जेमतेम वर्ष सव्वा वर्ष झालं होतं तेव्हा.

म्हणजे थेट निवडल्याने अधिकार वाढतातच असं नाही हो.

अण्णा_निवृत्त

लिफीकाठच्या ताई, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आपल्या घटना समितीतही के. टी. शहा थेट निवडणुकीच्या बाजूने होते. नेहरूंचं उत्तर होतं की सगळ्या देशाकडून एखाद्याला निवडून घ्यायचं आणि मग त्याच्या हातात काहीच अधिकार द्यायचे नाहीत हे विसंगत दिसेल. मला त्यात अर्थ वाटतो. आयर्लंड लहान आहे. आपल्याकडे एकट्या माणसाला चाळीस-पन्नास कोटी मतं पडली तर तो पंतप्रधानांच्या कागदावर मुकाट्याने सही करेल का? उद्या म्हणेल मला देशाने निवडलंय, तुला एका मतदारसंघाने.

आकडेमोड

आपण मत देत नाही हे अर्धंच खरं आहे. आपला आमदार देतो आणि त्या मताला आपली किंमत लावलेली असते. हिशोब असा की राज्याची १९७१ ची लोकसंख्या भागिले निवडून आलेले आमदार, त्याला परत हजाराने भागा. महाराष्ट्र ५ कोटी ४ लाख, आमदार २८८, म्हणजे एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. उत्तर प्रदेश २०८, सगळ्यात जास्त. गोव्याचा आमदार २०. सिक्कीमचा ७. महाराष्ट्राची सगळी मतं मिळून ५०,४००, गोव्याची ८००. २०२२ ला खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं, आधी ७०८ असायचं, जम्मू-काश्मीरला तेव्हा विधानसभा नव्हती म्हणून घटलं. द्रौपदी मुर्मूंना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हांना ३,८०,१७७.

१९७१ चीच लोकसंख्या का, तर ज्या राज्यांनी कुटुंब नियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून आकडा गोठवला, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. तो उठला की बघा काय रणकंदन होतंय.

खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी, पेन निवडणूक आयोगाचंच, जांभळ्या शाईचं, खिशातलं पेन चालत नाही. आणि पक्षाला व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. १९६९ ला इंदिरा गांधींनी सद्सद्विवेकबुद्धीने मत द्या म्हटलं आणि काँग्रेसचेच अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी पडले, व्ही. व्ही. गिरी निवडून आले, तेही दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर.

वऱ्हाडी_ठेचा

आणि २००७ विसरू नका, शिवसेना भाजपसोबत असून भैरोसिंह शेखावतांना सोडून प्रतिभाताईंना मत दिलं, मराठी बाई म्हणून. अमरावतीत फटाके फुटले होते बाप्पा, इथूनच खासदार होत्या त्या १९९१ ला. जळगाववाले म्हणतात आमच्या, आम्ही म्हणतो आमच्या.

पाचवा_डबा

मस्त माहिती मिळतेय. अजून एकच विचारतो. महाराष्ट्राचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहात पास झालं, राष्ट्रपतींकडे गेलं आणि कायदा काही झाला नाही. ते पण झैलसिंग टाईप ठेवून दिलं का?

कलमकसाई

नाही, इथे गल्लत होते सगळ्यांची. राज्याचं बिल राज्यपालांनी राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं की ते जातं केंद्रीय गृहखात्याकडे, तिथून वेगवेगळ्या मंत्रालयांची मतं मागवतात, आणि राष्ट्रपती केंद्राच्या सल्ल्यानेच काय ते ठरवतात. म्हणजे "राष्ट्रपतींकडे अडकलं" असं बातमीत वाचलं की समजायचं दिल्लीच्या कुठल्यातरी मंत्रालयात अडकलंय. झैलसिंगांनी अडवलं ते केंद्राच्या इच्छेविरुद्ध, इथे केंद्राचाच ब्रेक असतो, नाव मात्र राष्ट्रपतींचं होतं.

यावर एप्रिल २०२५ ला तमिळनाडूच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी राष्ट्रपतींनाही तीन महिन्यांची मुदत घालून दिली होती. मग मुर्मूंनी कोर्टालाच १४ प्रश्न विचारले. नोव्हेंबरमध्ये सरन्यायाधीश गवईंच्या (वऱ्हाडी_ठेचा, तुमच्या अमरावतीचेच) अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या घटनापीठाने मत दिलं की अशी ठरावीक मुदत कोर्ट घालू शकत नाही, आणि मुदत गेली म्हणून बिल आपोआप मंजूर झालं असंही धरता येणार नाही. कारण न देता बेमुदत बसून राहिलं तर मात्र कोर्ट मर्यादित दखल घेऊ शकतं. मला स्वतःला हे मत अर्धवट वाटतं, निवडून आलेल्या विधानसभेने पास केलेलं बिल किती वर्षं कुजवायचं याला काहीतरी सीमा हवीच ना.

लिफीकाठची

कलमकसाई, तुम्ही वर म्हणालात राष्ट्रपतींची ताकद वेळ. पण दयेच्या अर्जांचं काय? तिथे वेळ लावण्याचं कौतुक कसं करायचं?

कलमकसाई

नाही करायचं, बरोबर पकडलंत. तिथेही निर्णय गृहखात्याच्या सल्ल्यानेच असतो, राष्ट्रपतींच्या एकट्याच्या मनावर नाही. आणि तिथे उशीर म्हणजे एक माणूस रोज सकाळी बूट वाजले की दचकतो. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शत्रुघ्न चौहान केसमध्ये १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, बहुतेकांची दयेच्या अर्जाला झालेल्या उशिरामुळेच. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे कोल्हापूरच्या गावित बहिणी, लहान मुलांना पळवून मारल्याच्या केसमधल्या. सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली २००६ ला, राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला २०१४ ला, मधली वर्षं फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि सरकारी यंत्रणेच्या ढिलाईवर ताशेरे ओढले.

याकूब मेमनच्या वेळी उलट. पहिला अर्ज २०१४ ला फेटाळलेला होता, दुसरा २९ जुलै २०१५ ला आला. प्रणव मुखर्जींनी त्याच दिवशी गृहखात्याचं मत घेतलं, गृहमंत्री स्वतः भवनावर गेले, रात्रीच अर्ज फेटाळला. मग पहाटे तीनला सुप्रीम कोर्ट उघडलं आणि सकाळी नागपूरला फाशी झाली.

अण्णा_निवृत्त

गावित बहिणींच्या अर्जात तर राज्य सरकारकडूनच कागद वेळेवर पुढे गेले नव्हते असं वाचल्याचं आठवतं. म्हणजे मंत्रालयापासूनच सुरुवात. राष्ट्रपती भवनाला उगाच बोल लावतो आपण.